पट्टा उतरल्यावर

फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिक पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला 'स्पाईक' हा कुत्रा अकरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाला. फुलांनी सजवलेल्या पोलिसांच्या गाडीच्या बॉनेटवर बसवून त्याला निरोप देण्यात आला. ती चित्रफीत देशभर फिरली. बघणाऱ्यांचे डोळे पाणावले आणि दुसऱ्या दिवशी बघणारे दुसऱ्या चित्रफितीकडे वळले. माझ्या डोक्यातून मात्र एक साधा प्रश्न जाईना. त्या कुत्र्याला रोज पहाटे बाहेर काढणारा, त्याला घासून-पुसून स्वच्छ करणारा, त्याच्या नाकावर भरवसा ठेवून संशयास्पद पिशवीजवळ जाणारा जो माणूस असेल, त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे काय केले असेल?

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही आणि जनावरांचा डॉक्टरही नाही. कोल्हापुरात राहून, मिळेल ते वाचून, कामाच्या जनावरांचा इतिहास गोळा करण्याचा नाद गेली वीस-बावीस वर्षे लागला आहे. त्या नादात असे लक्षात आले, की जनावराचे काम, त्याची जात, त्याची किंमत, त्याचा पराक्रम यांवर ढीगभर लिहिलेले सापडते. त्याचे काम संपते तेव्हा माणसाचे काय होते, यावर फार थोडे सापडते. जे सापडते ते बहुतेक एकाच ठिकाणचे आहे. कुत्र्याच्या आधाराने चालणाऱ्या अंध माणसांनी आणि त्यांच्यासाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थांनी या प्रश्नाचा गेली नव्वद-पंच्याण्णव वर्षे विचार केला आहे. त्यांना तो करावाच लागला. म्हणून आधी तिकडे जाऊन मग आपल्या मुलखात परत येऊ.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचे असंख्य सैनिक दृष्टी गमावून परतले. त्यांच्यासाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्री तयार करणारी शाळा काढली. पुढे पॉट्सडॅमला तशीच शाळा निघाली. ती पाहून थक्क झालेल्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाईंनी ५ नोव्हेंबर १९२७ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये लेख लिहिला. त्या स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत असत. नॅशव्हिलमधल्या मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला तो लेख त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला आणि त्या पोराने सरळ बाईंना पत्र घातले. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, 'बडी' ही कुत्री घेऊन परतला आणि न्यूयॉर्कचा भरधाव वाहनांचा रस्ता वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत तिच्याबरोबर ओलांडून दाखवला. जानेवारी १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलसी येथे पहिली चार कुत्री तयार झाली.

आपल्याकडे हे काम कसे चालते याविषयी बराच गैरसमज आहे. कुत्रा माणसाला घेऊन जातो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. कुठे वळायचे, किती चौक गेले, हे तो ठरवतो आणि आज्ञा देतो. कुत्रा पायरीपाशी थांबतो, खड्डा चुकवतो, डोक्याला लागेल अशी फांदी टाळतो. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला एक ताठ मूठ असते. कुत्र्याच्या खांद्याची प्रत्येक हालचाल त्या मुठीतून माणसाच्या हातात उतरते. सगळ्यांत अवघड शिकवण असते ती आज्ञा मोडण्याची. माणूस 'पुढे चल' म्हणाला आणि समोरून गाडी येत असली, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. याला मी 'शहाणी अवज्ञा' म्हणतो. ज्याने आपले न ऐकून आपला जीव वाचवला, त्याच्यावर माणूस कसा विसंबत असेल, हे डोळसांनी डोळे मिटून थोडा वेळ रंकाळ्याच्या कडेने चालून पाहावे.

असा कुत्रा साधारण दोन वर्षांचा होता होता कामाला लागतो आणि आठ-दहा वर्षांचा झाला की थांबतो. ऐन विशीत पहिला कुत्रा घेणाऱ्या माणसाला सत्तरीपर्यंत सहा-सात कुत्री लागतात. म्हणजे सहा-सात निरोप. पाळीव कुत्र्याच्या मालकाला मरणाला सामोरे जावे लागते. मरण आपल्या पायाने येते, त्याची तारीख आपण ठरवत नाही. इथे कुत्रा जिवंत असतो, शेपटी हलवत असतो, पट्टा काढला की स्वतः पुढे येऊन त्यात डोके घालायला तयार असतो, आणि तरी 'आता बस' हे माणसाने म्हणायचे असते.

हे कळते सगळ्यांत आधी हाताला. मुठीतली ओढ सैल पडते. पायरीपाशी थांबायला अर्धे पाऊल उशीर होतो. नेहमीचा जिना चढताना खांदा जड लागतो. कधी मोठा आवाज झाला की कुत्रा बिचकतो आणि पुढचे दोन दिवस कामात मन घालत नाही. अंध माणसांच्या आठवणींमध्ये हा काळ पुन्हापुन्हा येतो. ते स्वतःशी सबबी सांगत राहतात: ऊन फार आहे, रस्ता नवा आहे, काल त्याने नीट खाल्ले नव्हते. कुत्र्याची चूक झाकण्यासाठी माणूस स्वतःच पायाने कडा चाचपत चालू लागतो. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. म्हातारपणी वडिलांचा हिशेब चुकू लागला की दुकानातला मुलगा रात्री गुपचूप वही दुरुस्त करून ठेवतो, तसेच हे.

मग पट्टा उतरतो. या दुःखात निदान तीन धागे गुंतलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय त्यावर काही बोलता येत नाही. एक धागा सोबत्याचा. दुसरा स्वतःच्या पायांचा. ज्या दिवशी कुत्रा निवृत्त होतो त्या दिवशी माणसाचे एकट्याने बाहेर पडणेही काही काळ थांबते. हातात पुन्हा पांढरी काठी येते आणि दृष्टी गेली तेव्हाचे जुने दिवस वर येतात. म्हणजे एका नव्या वियोगाबरोबर एक जुना वियोग फुकट मिळतो. तिसरा धागा अपराधाचा. ज्याने सारे आयुष्य आपल्यासाठी घातले, त्याला काम होईना म्हणून आपण दूर केले. हा तिसरा धागाच सगळ्यांत चिवट असतो, कारण त्यावर सांत्वन करणारे जे काही बोलतात ते बहुतेक त्याला पीळ देणारेच असते. 'दुसरा मिळेल की', हे वाक्य त्यात पहिले.

दुसरा मिळतोही. पण तो वेगळ्या लयीत चालतो. जुना डावीकडे किंचित झुकायचा, हा झुकत नाही. जुन्याला बसथांबा माहीत होता, याला काहीच माहीत नाही. आपण विसरतो, की जुनाही पहिल्या वर्षी असाच होता. त्यातही पहिल्या कुत्र्यानंतर येणारा दुसरा कुत्रा सर्वांत जास्त अन्याय सोसतो. त्याची तुलना पहिल्याच्या पहिल्या वर्षाशी होत नाही, शेवटच्या वर्षाशी होते. ज्यांच्या घरात दोन्ही कुत्री एकत्र राहतात त्यांना आणखी एक प्रसंग निभवावा लागतो. सकाळी नव्याच्या पाठीवर पट्टा चढतो तेव्हा म्हातारा दारात येऊन उभा राहतो. यावर अनुभवी लोक सांगतात तो उपाय अगदी घरगुती आहे: आधी म्हाताऱ्याला काहीतरी खायला द्यायचे, दुसऱ्या खोलीत न्यायचे, मग पट्ट्याला हात लावायचा.

मॉरिस फ्रँकची पहिली बडी मे १९३८ मध्ये गेली. त्याने पुढच्या कुत्र्याचे नाव बडीच ठेवले. त्याच्या पुढच्याचेही. आयुष्यभर त्याच्या हाती येणारा प्रत्येक कुत्रा बडीच राहिला. काहींना यात कोरडेपणा दिसतो. मला त्यात आपल्याकडची आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत दिसते. नाव मोडायचे नाही, माणूस बदलला तरी.

अशा दुःखाला पाश्चात्य अभ्यासकांनी दोन नावे दिली आहेत आणि दोन्ही उपयोगाची आहेत. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात समाजाची मान्यता न मिळालेल्या शोकाची कल्पना मांडली. ज्या नात्याला समाज नाते मानत नाही, त्याच्या तुटण्याचे सुतक कुणी धरत नाही, रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही. शोक असतो, पण त्याला बसायला पाट नसतो. दुसरी कल्पना पॉलीन बॉस यांची. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत शोक गोठून राहतो. निवृत्त कुत्रा दुसऱ्याच्या घरी सुखाने राहत असतो. तो आहे, पण आपल्याजवळ नाही. रडावे तर कशासाठी, असे माणूस स्वतःलाच विचारतो आणि तिथेच अडकतो.

आता आपल्याकडे येऊ. मार्गदर्शक कुत्र्याबरोबर चालणारी अंध व्यक्ती मी कोल्हापुरात कधी पाहिलेली नाही, आणि जिथे पदपथावर टपरी, दुचाकी आणि चार भटकी कुत्री एकाच वेळी असतात तिथे ती दिसणेही कठीण. पण ज्याच्या नाकावर जीव टांगून माणूस काम करतो असा कुत्रा आपल्याकडे आहे. तो पोलिसांचा.

महाराष्ट्रातला सर्वांत प्रसिद्ध पोलिसी कुत्रा म्हणजे मुंबईचा 'झंजीर'. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून काढल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघे आठ. त्याला पोलिसी इतमामात मानवंदना मिळाली, त्याच्या देहावर फुले वाहतानाचे छायाचित्र आजही फिरते. पण झंजीर नोकरीत गेला. नोकरीत मेलेल्याला मानवंदना देण्याची रीत आपल्याकडे पक्की आहे. जो म्हातारा होऊन जिवंत राहतो त्याची रीत कच्ची आहे.

सैन्याचेच पाहा. कामाला निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना वेदनारहित मरण दिले जाते, हे २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरातून लोकांना कळले. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि धोरण बदलू लागले. आता अशी कुत्री सांभाळली जातात, दत्तकही दिली जातात. हा बदल कुत्र्यांसाठी झाला असे आपण म्हणतो. मला त्यात त्यांच्या बरोबरच्या जवानांची सुटकाही दिसते. ज्या जोडीदारासोबत बर्फात रात्री काढल्या, त्याचे पुढे काय होणार हे माहीत असून त्याचा साखळदोर दुसऱ्याच्या हाती देणे ही काय शिक्षा असेल!

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईजवळ घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेली मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही चार कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर एकत्र राहिली. २०१६ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एकामागून एक चौघेही गेले. सीझर सर्वांत शेवटी. आधीचे सोबती गेल्यावर तो खचला होता, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. या चौघांच्या बाबतीत एक गोष्ट बरोबर घडली, ती म्हणजे त्यांचा पत्ता ठरलेला होता. कुत्रा कुठे आहे, काय खातो, कुणाबरोबर झोपतो हे ज्या हँडलरला माहीत असते, त्याचा शोक निदान गोठत नाही. कागदोपत्री पोलिसी कुत्रा ही सरकारी मालमत्ता. परदेशातही हा मालकीचा प्रश्न आहेच. अमेरिकेत 'द सीइंग आय' पहिल्या कुत्र्यासाठी १५० आणि पुढच्या प्रत्येकासाठी ५० डॉलर घेते आणि मालकी अंध व्यक्तीकडे देते. ब्रिटनमध्ये मालकी संस्थेकडे राहते. रक्कम नाममात्र आहे. तिचा अर्थ एवढाच, की हा कुत्रा मला भिक्षेत मिळालेला नाही, आणि त्याच्या म्हातारपणाचा निर्णय घेताना मला विचारले जाईल. माझे मत असे, की ज्याच्या हातात साखळी होती त्याला कुत्रा घरी नेण्याचा पहिला हक्क असावा. त्याला जागेमुळे जमणार नसेल, तर भेटायला जाण्याचा तरी.

पण ही रीत आपल्या मुलखात कधी नव्हतीच, असे मात्र मला म्हणवत नाही. बैलाच्या बाबतीत ती होती. बेंदराला शिंगे रंगवणे, झूल घालणे, कर तोडणे हे सगळे कामाच्या बैलासाठी; पण त्या दिवशी गोठ्यातल्या थकलेल्या बैलालाही पुरणपोळीचा घास चुकत नसे. आमच्या मामाच्या गावी, पन्हाळ्याच्या पायथ्याला, बैल विकला तरी त्याचे दावे विकत नसत. व्यापारी आपले दावे घेऊन येई. जुने दावे गोठ्यात खुंटीवर राही. मामी दाराशी येऊन बैलाच्या पायावर पाणी घाली, कपाळाला कुंकू लावी आणि पाठ फिरवून आत जाई. मामा त्या दिवशी जेवत नसे आणि त्याला कुणी जेवायचा आग्रहही करत नसे. शोक व्यक्त करायला शब्द नव्हते, पण त्याला जागा होती: एक दिवस, एक उपास, एक खुंटी. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न पांजरपोळांच्या दाराशी येऊन थांबला. पण त्याआधीच ट्रॅक्टरने गोठे रिकामे केले होते. खुंटी गेली आणि तिच्याबरोबर ती रीतही.

ती रीत नसली की काय होते, हे कोल्हापूर जिल्ह्याने २०२५ च्या पावसाळ्यात पाहिले. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातली महादेवी, जिला लोक लाडाने माधुरी म्हणत, ही हत्तीण १९९२ पासून तिथे होती. मिरवणुकीत मानाने चालणे हे तिचे काम. एका प्राणीहक्क संस्थेच्या तक्रारीनंतर उच्चाधिकार समितीने तिची तपासणी केली. पायांचा आजार, सांधेदुखी, वाढलेली नखे, एकटेपणाचा ताण अशा बाबी पुढे आल्या. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि त्याच रात्री ती निघाली. गाव रस्त्यावर आले. दगडफेकही झाली. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत, सुमारे ४५ किलोमीटर, हजारो माणसे मूक चालत आली. दोन लाखांवर सह्या राष्ट्रपतींकडे पाठवण्यात आल्या. मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन मठासोबत उभे राहण्याचे जाहीर केले.

या प्रकरणात दोन बाजू पडल्या आणि दोन्हींनी एकमेकींना खोटे ठरवण्यात शक्ती घालवली. एक बाजू म्हणाली, हत्तिणीवर एवढे प्रेम असते तर तिचे पाय असे झाले असते का? दुसरी म्हणाली, एवढे लोक रडतात म्हणजे तिथे ती सुखातच होती. मला दोन्ही म्हणणी टिकणारी वाटत नाहीत. अंध माणूस ज्या कुत्र्यावर जीव टाकतो त्याच्याही खुब्याचे हाड झिजतेच, आणि ते झिजले आहे हे सगळ्यांत उशिरा मान्य करणारा तोच असतो. माणसाचे रडणे हा जनावराच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. तसाच, पशुवैद्याचा अहवाल हा माणसाच्या मायेविरुद्धचा पुरावाही नव्हे. साठमारीची जागा अजून कौतुकाने दाखवणाऱ्या जिल्ह्यात हत्ती हा केवळ प्राणी नसतो. तेहतीस वर्षे दारातून जाणारी, लेकरांच्या हातचे केळे घेणारी हत्तीण एका रात्रीत ट्रकमध्ये चढते, तेव्हा गावाला निरोपासाठी मुदत हवी होती. दोन न्यायालयांच्या आदेशांमध्ये बारा दिवसांचे अंतर होते, पण त्या बारा दिवसांत गाव ती राहावी म्हणून झटत होते. निरोपाची तयारी करणे म्हणजे हार मानणे, असेच तेव्हा कुणालाही वाटले असते. मग निरोप तिच्या पाठीमागे झाला. ती मूक पदयात्रा राजकारण वगळून पाहिली, तर मला सुतकासारखी दिसते. त्यात चालणारी माणसे गप्प होती, अनेकजण अनवाणी वारीला जावे तसे दिवसभर चालले, आणि शेवटी एका सरकारी इमारतीपाशी पोचले, कारण आणखी कुठे जावे हे ठरलेले नव्हते.

मार्गदर्शक कुत्र्यांच्या जगाने इतक्या वर्षांत जे शोधले ते याच जागेवर लागू पडते. तिथे निवृत्तीची चर्चा पहिले लक्षण दिसताच सुरू करतात, शेवटच्या आठवड्यात नाही. काम हळूहळू कमी करतात. आधी गर्दीचे रस्ते बंद, मग प्रवास बंद, मग फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. यात कुत्रा सवयीतून सुटतो आणि माणूसही. पुढचे घर आधी ठरते. बहुतेकदा ते माणसाच्या स्वतःच्या घरातले कोणी, कधी एखादा मित्र, तर कधी पिल्लू असताना ज्यांनी त्याला वर्षभर वाढवले तेच कुटुंब. कुत्रा तिथे दोन-चार दिवस राहून येतो. शेवटच्या दिवशी नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारतात, ओळखीच्या दुकानदारांना सांगतात, की उद्यापासून हा येणार नाही. हे सांगणे महत्त्वाचे, कारण नाहीतर पुढचे सहा महिने रोज कुणीतरी विचारत राहते आणि रोज नव्याने सांगावे लागते. पट्टा काहीजण संस्थेला परत करतात, काहीजण ठेवून घेतात. ठेवून घेणारे पुष्कळ आहेत.

कुत्र्याचे म्हणाल तर तो आपल्याइतका काळ शोकात घालवत नाही. काही दिवस कामाच्या वेळी दाराशी जातो, वाट पाहतो. मग एक दिवस उन्हाच्या कवडशात आडवा होतो आणि भर दुपारी, ज्या वेळी त्याने आयुष्यात कधी डोळा मिटला नव्हता, त्या वेळी घोरू लागतो. ज्यांनी आपला कुत्रा दुसऱ्याच्या घरी दिला, त्यांना फोनवरून ही घोरण्याची बातमी ऐकायची असते. ती कळवणारे कुणीतरी हवे. पोलिसांच्या श्वानपथकात निरोपाचा हार आता मिळू लागला आहे. हँडलरला पुढचा कुत्रा हाती देण्याआधी चार दिवसांची रजा आणि जुन्याचा पत्ता लिहिलेला कागद, एवढे त्याला जोडून देता येईल.